कोणती गाडी चांगली, हे विचारू नये

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दर्शनी भागात, पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती त्या जागेत, हे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. पाटीवर मालकाचे नाव नाही आणि कोणत्या कंपनीचे चिन्हही नाही. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत दोनच वाक्ये आहेत : ‘येथे सर्व कंपन्यांच्या दुचाकी दुरुस्त होतात. कोणती गाडी चांगली, हे विचारू नये.’ पुणेरी पाट्यांचे कौतुक करण्याची रीत आता इतकी शिळी झाली आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही ती गंमत म्हणूनच घेतली होती. अकरा वर्षे इथे गाड्या आणल्यावर माझे मत असे झाले आहे की ती गंमत नसून कामाच्या वेळेत भांडणे होऊ नयेत म्हणून केलेली तजवीज आहे आणि ती साफ फसली आहे.

गॅरेजचे मालक साठी ओलांडलेले आहेत आणि झाडून सगळी गिऱ्हाइके त्यांना मामा म्हणतात. हाताखाली दोन मुले आहेत. आत चार गाड्या उभ्या राहतात, बाहेर फुटपाथच्या कडेला आणखी पाच-सहा. मी या गॅरेजविषयी लिहू का, असे विचारले तेव्हा मामांनी सांगितले, “लिहा, पण पत्ता देऊ नका. आहे तेवढी गर्दी पुरे.” त्यामुळे पत्ता देत नाही, पेठेत दोन ठिकाणी चौकशी केली तर सापडावे.

आधी कामाविषयी. आमच्या घरात तीन दुचाकी आहेत : वडिलांची १९८६ सालची बजाज चेतक, माझी २०२२ सालची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि एक होंडा ॲक्टिव्हा, जिला मी बरीच वर्षे ‘बायकोची गाडी’ म्हणत आलो. (या शेवटच्या वाक्याकडे पुढे परत यावे लागणार आहे.) गेल्या वर्षी ॲक्टिव्हा थांबून निघताना थरथरू लागली. गडबडीत मी ती घराजवळच्या एका चकचकीत, सर्व कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरात दिली. तिथल्या तरुणाने गाडी सुरूही न करता संगणकावर काहीतरी टाइप केले आणि संपूर्ण क्लच बदलावा लागेल, असे सांगून साडेचार हजारांचा अंदाज माझ्या हातात ठेवला. मी गाडी उचलली आणि मामांकडे आणली.

मामांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, सुरू केली, डोळे मिटून दोनदा ॲक्सिलरेटर पिळला आणि मुलाला डाव्या बाजूचे कव्हर उघडायला सांगितले. आतली पुली काढून तिच्या खाचांमधले सहा रोलर त्यांनी एकेक करून तळहातावर ओतले आणि तळहात माझ्यापुढे धरला. लहान मुलाच्या अंगठ्याएवढे ते सहा दंडगोल. चार जवळपास गोल होते आणि दोन एका बाजूने घासून इतके चपटे झाले होते की हात हलवला तरी ते गडगडत नव्हते. इंजिनाचा वेग वाढतो तसे हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, त्यांच्या रेट्याने पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात, मधला पट्टा वर सरकतो आणि गिअर बदलल्याचे काम आपोआप होते. रोलर चपटे झाले की ते सरकण्याऐवजी अडखळतात आणि तीच थरथर आपल्या बुडाला जाणवते. इतके किलोमीटर झाल्यावर कोणत्याही गिअरलेस स्कूटरचे असे होतेच, हे मामांनी आवर्जून सांगितले, कारण तोवर बाकड्यावरून कोणीतरी “आता पहिल्यासारखा माल येत नाही” असे पुटपुटले होते. नाना पेठेतून मूळ कंपनीचा रोलर संच आणणे, पट्टा तपासणे, क्लचची वाटी घासून साफ करणे आणि मजुरी, असे सारे मिळून ५४० रुपये झाले. जुने रोलर कागदाच्या पुडीत बांधून परत दिले. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा हा इथला शिरस्ता आहे आणि माझ्या मते कोणत्याही गॅरेजची पारख करायला तेवढी एक खूण पुरेशी आहे.

काम मन लावून होते, पण वेळेवर होतेच असे नाही. ‘संध्याकाळी या’ याचा अर्थ कोणत्या संध्याकाळी हे ठरलेले नसते. त्यामुळे वाट पाहणे आले, वाट पाहण्यासाठी बाहेर लाकडी बाकडे आले, आणि या गॅरेजचे खरे वैशिष्ट्य त्या बाकड्यावर आहे.

पुण्यात ‘गाडी’ म्हटले की दुचाकी. मोटारीला ‘फोर व्हीलर’ असे स्वतंत्र नाव द्यावे लागते. ज्या शहरात गाडी हे घरातल्या माणसासारखे प्रकरण असते तिथे कंपनीची निष्ठा हा विषय कुलाचारासारखा असणार, हे ओघाने आले. सकाळी दहाच्या सुमारास बाकड्यावर बसलेली चार माणसे चार वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि प्रत्येकाला उरलेल्या तिघांची कीव येत असते. स्प्लेंडर म्हणजे दूधवाल्याची गाडी, ॲक्टिव्हा म्हणजे बायकांची, ड्यूक म्हणजे वाया गेलेल्या पोरांची, आणि बुलेट ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही जास्त आहे त्याची, अशी ही वर्णव्यवस्था आहे. गाडी कोणती आहे हे विचारण्याआधी माणसाच्या हातातल्या हेल्मेटवरून ते ताडले जाते. “ॲव्हरेज किती देते?” हा प्रश्न बुलेटवाल्याला विचारणे हा अपमान असतो आणि स्प्लेंडरवाल्याला न विचारणे हा.

या निष्ठेची मुळे उथळ नाहीत, हे मला घरीच दिसते. वडिलांनी चेतक नोंदवली १९७९ मध्ये आणि ती हातात पडली १९८६ मध्ये. परवाना पद्धतीच्या त्या काळात उत्पादनावर सरकारी मर्यादा होत्या, मागणी कितीतरी पटीने जास्त होती आणि स्कूटरसाठी इतकी वर्षे थांबण्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. ज्या वस्तूसाठी माणसाने सात वर्षे वाट पाहिली, तिला तो नावे ठेवूच शकत नाही. १९७२ मध्ये आलेल्या चेतकचा मूळ आराखडा इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटचा आणि नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. पण वडिलांच्या लेखी ती आकुर्डीला जन्मली, म्हणून अस्सल पुण्याची. माझ्या काकांकडे प्रिया होती, जी साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार होत असे. त्या कारखान्यातही भागीदारी बजाजचीच होती, म्हणजे दोन्ही स्कूटरी एकाच घरातल्या. तरीही दिवाळीच्या फराळाला दोघा भावांमध्ये चेतक श्रेष्ठ की प्रिया यावरून जो वाद रंगे तो दोन परक्या घराण्यांना शोभावा असा असे. थंडीत दोन्ही स्कूटरी सारख्याच तिरक्या करून, सारख्याच शिव्या घालून सुरू कराव्या लागत, ही गोष्ट त्या वादात कधी आली नाही.

बाकड्यावरचा सर्वांत करारी निष्ठावंत म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांच्याकडे १९७४ सालची बुलेट आहे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि बॅटरीचा प्रवाह दाखवणारा काटा हेडलाइटच्या माथ्यावर. माझी क्लासिक पहिल्यांदा गॅरेजात उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिले, सेल्फ-स्टार्टचे बटण पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. ही बुलेटसारखी दिसते.” त्यानंतर त्यांनी मला आपली गाडी सुरू करण्याची क्रिया दाखवली. किक हळूहळू दाबत काटा मध्यावर आणायचा, डाव्या मुठीजवळची छोटी दांडी ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, किक आणखी किंचित खाली नेऊन पिस्टन शिखरापलीकडे सरकवायचा, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचे सगळे वजन टाकून एकच लाथ. त्यांची गाडी एका लाथेत सुरू झाली. मी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्यांदा किक उलटी आली आणि माझी पोटरी आठवडाभर काळीनिळी होती. त्या आठवड्यात मला जाणवले की हे गृहस्थ गर्व करतात तो गाडीचा नाही, त्या क्रियेचा. त्यांना ती येते आणि मला येत नाही. नव्या गाडीत ३४९ सीसीचे इंजिन बटण दाबताच निमूटपणे सुरू होते, ऑइल गळत नाही, १९५ किलो वजन असूनही ती सरळ रेषेत धावते. पण यातले काहीच मी कमावलेले नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्यापाशी काढायची मला खुमखुमी होती आणि एका गुरुपौर्णिमेला मी ती काढली. बुलेट आणि क्लासिक दोन्ही बनवणारी, मूळची इंग्लंडच्या रेडिच गावातली रॉयल एनफिल्ड ही कंपनी १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोत्रियूरला गाड्या बनवू लागली, १९९४ मध्ये ती आयशर या भारतीय कंपनीकडे आली आणि २००० च्या आसपास हा धंदा बंद करावा की काय, असा विचार मालकांच्या घरात झाला होता. कंपनी पुढे खऱ्या अर्थाने सावरली ती २००९ नंतरच्या क्लासिकमुळे, म्हणजे ज्या बटणवाल्या गाडीला हे नाक मुरडतात तिच्यामुळे. नवी गाडी खपली नसती तर जुन्या गाडीला आज सुटे भाग मिळाले नसते, असे मी त्यांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण मुलगा कमावतो म्हणून बाप लहान होत नाही.” बाकड्याने मान डोलावली. मी चहा मागवला.

तरुण पिढीत हा अभिमान वेगळ्या सुरात दिसतो. एका रविवारी केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीची केशरी ड्यूक ३९० घेऊन आलेला एक मुलगा आणि बजाज डॉमिनार ४०० घेऊन आलेला एक तिशीतला गृहस्थ शेजारी बसले होते. मुलाच्या बोलण्यात ‘युरोपियन इंजिनिअरिंग’ हे शब्द तिसऱ्यांदा आले तेव्हा मामांनी हातातला पाना खाली ठेवला. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. मामांनी मुलाला विचारले, “तुमचं इंजिन किती सीसीचं?” तो म्हणाला, “३७३.” मग डॉमिनारवाल्यांना तोच प्रश्न. तेही म्हणाले, “३७३.” मामा म्हणाले, “दोघींचं माहेर एकच, चाकण. एक सासरी जाताना भारी शालू नेसून गेली, एवढंच.” आणि पुन्हा पाना उचलला.

मामांचे म्हणणे खरे असले तरी पूर्ण नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. डॉमिनारचे ३७३.३ सीसीचे इंजिन ड्यूकच्याच इंजिनावरून बेतलेले आहे आणि दोन्ही गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतात, हे खरे. पण सुरुवातीच्या डॉमिनारला एकच कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) आणि ३५ पीएस (जवळपास अश्वशक्तीएवढेच माप) शक्ती होती. २०१९ मध्ये दोन कॅमशाफ्ट आल्यावर ती ४० पीएसवर गेली, तर त्याच इंजिनाची ड्यूक ४३.५ पीएस देत होती, शिवाय वजनाला बरीच हलकी, जाळीदार पोलादी चौकटीची आणि वेगळ्या सस्पेन्शनची. वळणावर हा फरक कोणालाही कळेल. म्हणजे गाडीगाडीत फरक असतो. खोटी असते ती त्या फरकाला चिकटवलेली वंशावळ. हॉसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात बीएमडब्ल्यूची ‘जी ३१० आर’ आणि टीव्हीएसची स्वतःची ‘अपाचे आरआर ३१०’ एकाच मुळाचे इंजिन घेऊन तयार झाल्या आणि २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही तर पुन्हा चाकणचीच. आज टाकीवरचे नाव परदेशी आहे यावरून गाडी कुठे जन्मली हे सांगता येत नाही. ते पाहायचे तर जिथे ती बनते त्या चाकणच्या रस्त्यावर सकाळच्या पाळीला जाणाऱ्या बसगाड्या पाहाव्यात.

याच्या नेमके उलटे उदाहरण म्हणजे स्प्लेंडरवाले एक दुकानदार. त्यांच्या २००४ सालच्या गाडीच्या टाकीवर ‘हीरो होंडा’ ही अक्षरे आहेत आणि गाडीला दोनदा रंग देऊनही ती अक्षरे त्यांनी जपून ठेवली आहेत. २०१० च्या अखेरीस दोन कंपन्यांनी फारकत जाहीर केली तेव्हापासून ‘खरी गाडी संपली’ असे त्यांचे ठाम मत आहे. वेगळे झाल्यावरही स्प्लेंडर त्याच ९७.२ सीसीच्या इंजिनावर धावत राहिली, हे मामांनी त्यांना किमान तीन वेळा सांगितलेले मी ऐकले आहे. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असते : “असेल. पण नाव गेलं ना.”

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. मामा प्रत्येक गाडीची नोंद एका लांबट, तेलकट वहीत ठेवतात : तारीख, मीटरचे रीडिंग, काय बदलले आणि पुढच्या वेळी काय पाहायचे. रोलर बदलले त्या दिवशी मी सवयीने म्हणालो की ही बायकोची गाडी आहे, मी फक्त सर्व्हिसिंगला आणतो. मामांनी वही उघडली. एका वर्षात क्लासिक नऊशे किलोमीटर चालली होती आणि ॲक्टिव्हा सात हजारांच्या वर. मामांनी दोन्ही आकड्यांखाली बोट ठेवले आणि मोठ्याने, बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “मग वहिनी रोज तुम्हाला ऑफिसला सोडायला येतात का?” त्यावर मी दिलेले उत्तर इथे लिहिण्यासारखे नाही, कारण उत्तर नव्हतेच. भाजी, ऑफिस, आईचे औषध, लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी, हे सगळे मी त्या १०६ किलोंच्या स्कूटरवरून करतो. क्लासिक एखाद्या रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येते. माझ्या तोंडी मात्र ‘माझी गाडी’ म्हणजे तीच असते. बाकड्यावरच्या ज्या माणसांची मी इतका वेळ टिंगल केली त्यांच्यात माझी जागा नेमकी कुठे, हे त्या वहीने दोन ओळींत सांगून टाकले.

गॅरेजच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत इंधनाचे इंजेक्शन आले. त्यांतला सेन्सरचा दोष शोधायला लागणारा स्कॅनर इथे आहे, पण तो धाकटा मुलगा वापरतो आणि मामा त्याच्याकडे नव्या सुनेने आणलेल्या मिक्सरकडे पाहावे तसे पाहतात. किचकट इलेक्ट्रॉनिक दोष असेल तर ते स्वतःच दुसरीकडे जायला सांगतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे म्हणायचे. छापील बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि विजेवरच्या स्कूटरला ते हात लावत नाहीत. “मोबाइलच्या दुकानात न्या,” एवढेच उत्तर येते. २०२० मध्ये बजाजने चेतक याच नावाची विजेची स्कूटर बाजारात आणली आणि पुढे तिचे उत्पादन जुनी चेतक जिथे होत असे त्या आकुर्डीलाच सुरू केले, पत्र्याची बॉडीही ठेवली, तरी मामांना ती चेतक वाटत नाही. माझे म्हणणे त्यांना पटले नाही, पण मी ते मांडले आहे : ज्या माणसाने पाटीवर सर्व कंपन्यांच्या दुचाकी असे लिहिले, त्याने धुराच्या नळीवरून भेदभाव करू नये.

कारण मामांचाही एक पक्ष आहे, हे उशिरा लक्षात आले. कंपनीचा नव्हे, टू-स्ट्रोकचा, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनांचा. यामाहा आरएक्स १०० आली की त्यांचा चेहरा बदलतो. अवघ्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढणारी आणि १९९६ मध्ये बंद झालेली ही गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते आवाजावरून ओळखतात आणि हातातले काम मुलाकडे देऊन उठतात. कार्बन साचलेला सायलेन्सर जाळणे, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बोटाच्या पेराने ओरखडे शोधणे, पेट्रोलमधल्या ऑइलच्या प्रमाणावरून गिऱ्हाइकाला झापणे, ही कामे ते कोणालाही करू देत नाहीत. त्या वेळी बाकड्यावरचे फोर-स्ट्रोकवाले चुळबुळ करत घड्याळ पाहत राहतात.

पाचपैकी चार गुण देतो. एक कापला तो अर्धा विजेच्या स्कूटरसाठी आणि अर्धा ‘संध्याकाळी या’साठी. गॅरेज गुरुवारी बंद असते. गाडी साडेनऊच्या आत लावली तर त्याच दिवशी मिळण्याची शक्यता आहे. फोनवर दर विचारू नयेत, सांगत नाहीत. टू-स्ट्रोक गाडी आणलीत तर तुमचा नंबर आपोआप पुढे सरकतो. हे न्यायाचे नाही, पण वडिलांची चेतक असल्यामुळे मी त्याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाही.